नर्मदेचं वकीलपत्र कोणाकडे?

जबलपूर हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात बसतं ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे नव्हे, तर एका बदनाम निकालामुळे. ‘ए. डी. एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला उच्च न्यायालयात दाद मागता येते का, हा त्यातला प्रश्न. जबलपुरात बसणाऱ्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं आणि इतर काही उच्च न्यायालयांनी येते असं सांगितलं होतं. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ते फिरवलं. राष्ट्रपतींचा आदेश लागू असेतो अटकेविरुद्ध न्यायालयात उभं राहण्याची मुभाच कोणाला नाही, असं त्यांचं म्हणणं. न्या. हंसराज खन्ना तेवढे एकटे विरोधात गेले.

त्या चौघांतले एक होते न्या. पी. एन. भगवती. पाचच वर्षांनी, 1981च्या डिसेंबरात, ‘एस. पी. गुप्ता’ खटल्यात याच भगवतींनी नेमकं उलटं दार उघडलं. गरिबी, अज्ञान किंवा दुबळेपणामुळे ज्याला न्यायालयापर्यंत पोचता येत नाही, त्याच्यासाठी दुसरा कोणीही सद्हेतूनं याचिका करू शकतो, असं त्यांनी लिहिलं. आपल्याकडच्या जनहित याचिकांचा पाया या निकालानं भक्कम केला. पुढं गंगेपासून मुठेपर्यंत ज्या ज्या नद्यांची प्रकरणं न्यायालयात गेली, त्यांतली बहुतेक याच दारानं आत शिरली.

नद्यांच्या हक्कांवरच्या या संग्रहाची प्रस्तावना जबलपूरपासून सुरू करतो आहे, त्याचं कारण एवढंच. हक्क आहे की नाही हा प्रश्न ऐकायला भारदस्त वाटतो, पण व्यवहारात त्याआधी दुसराच प्रश्न येऊन उभा राहतो : तो हक्क मागायला कोण उभं राहणार? तुरुंगातल्या माणसाला निदान तोंड असतं. नदीच्या बाबतीत तिचं वकीलपत्र कोणाकडे, त्याला पैसा कोण देणार आणि त्यानं कुचराई केली तर त्याला जाब कोण विचारणार, या तीन प्रश्नांवरच सगळं अवलंबून आहे. पुढच्या पानांतले निकाल, ठराव आणि कायदे वाचताना हे तीन प्रश्न हाताशी ठेवावेत, अशी विनंती आहे.

2017चं साल

या विषयात 2017 हे वर्ष विलक्षण गर्दीचं गेलं. मार्चमध्ये न्यूझीलंडच्या संसदेनं वांगानुई नदीला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच महिन्यात, 20 तारखेला, उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना यांना ‘कायदेशीर व्यक्ती’ ठरवलं. दहा दिवसांनी गंगोत्री, यमुनोत्रीच्या हिमनद्या, झरे, जंगलं यांनाही तोच दर्जा दिला. 3 मे रोजी मध्य प्रदेश विधानसभेनं नर्मदेला ‘जीवित इकाई’, म्हणजे सजीव अस्तित्व, मानणारा ठराव केला. आणि 7 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं गंगा-यमुनेबद्दलच्या निकालाला स्थगिती दिली. स्थगिती देणाऱ्या खंडपीठावर सरन्यायाधीश खेहर यांच्यासोबत न्या. धनंजय चंद्रचूड होते. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, 24 ऑगस्टला, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात याच चंद्रचूडांनी ‘ए. डी. एम. जबलपूर’ चुकीचा ठरवून रद्द केला. 1976च्या चार जणांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूडही होते. माणसाचा मोडलेला हक्क 41 वर्षांनी सावरला गेला. नदीचा नवा हक्क तीन-साडेतीन महिन्यांत थांबला.

तो का थांबला, हे समजून घेण्यासारखं आहे. उत्तराखंडचा खटला मुळात नदीच्या हक्कांचा नव्हताच. डेहराडूनजवळच्या शक्ती कालव्याच्या सरकारी जमिनीवर झालेलं अतिक्रमण, हा त्याचा विषय. त्यातून न्यायालय गंगा-यमुनेपर्यंत गेलं आणि ‘नमामि गंगे’चे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता या तिघांना नद्यांचे पालक नेमून मोकळं झालं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात धावलं. त्याच्या अडचणी अगदी व्यवहाराच्या होत्या. गंगा एका राज्याची नाही. मग एका राज्याचा मुख्य सचिव बाकीच्या राज्यांतल्या गंगेचा पालक कसा? आणि नदी जर व्यक्ती, तर पुरात घर वाहून गेलेल्यानं नुकसानभरपाईचा दावा कोणावर लावायचा, पालकावर?

हे प्रश्न उडवून लावण्याजोगे नाहीत. पण त्यांच्या मागचा मोठा प्रश्न कोणी फारसा विचारलाच नाही. ज्या सरकारच्या नगरपालिका नदीत सांडपाणी सोडतात, ज्याचं खातं वाळूचे ठेके देतं आणि ज्याचं दुसरं खातं धरणं बांधतं, त्याच सरकारचे अधिकारी नदीचे पालक झाले तर ते दावा कोणावर लावणार?

देव मालक, पुजारी कारभारी

आपल्याकडे माणसाव्यतिरिक्त कोणाला कायद्यानं व्यक्ती मानणं ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. देवस्थानाच्या इनाम जमिनीचा सातबारा ज्यानं पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. मूर्ती ही कायद्यानं व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, ती दावा लावू शकते, हे प्रिव्ही कौन्सिलनं 1925 साली मलिक घराण्याच्या खटल्यात मान्य केलं. स्वतंत्र भारतात 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं देवाला प्राप्तिकरही लागू होतो असं ठरवलं. उत्तराखंडच्या न्यायमूर्तींनी आपला निकाल याच परंपरेवर उभा केला.

पण याच परंपरेत नदीच्या कामाचा दुसरा एक धडा आहे आणि तो मध्य प्रदेशातूनच आला. देवळांच्या जमिनींवर महसुली दप्तरात पुजाऱ्यांची नावं लावायची की नाही, असा वाद त्या राज्यात होता. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जमिनीचा मालक देव. पुजारी फक्त कारभार पाहणारा, त्यामुळे मालक म्हणून त्याचं नाव लावण्याचं कारण नाही. कारभाऱ्यानं देवाची जमीन परस्पर विकू नये, याची ही तजवीज होती. नदीला देवी मानणाऱ्या प्रत्येक ठरावाला हीच कसोटी लावायला हवी. इथला कारभारी सरकार आहे. देवीच्या मालमत्तेतली वाळू, पाणी आणि काठ त्यानं कोणाला, कोणाला विचारून दिला, याचा हिशेब मागण्याची सोय त्या ठरावात आहे का?

वांगानुईच्या कायद्यात ती आहे, म्हणून तो वेगळा. एकोणिसाव्या शतकापासून तिथले माओरी लोक या नदीसाठी सरकारशी भांडत आले होते आणि 2017चा कायदा ही त्या भांडणाची तडजोड होती. नदीच्या वतीनं बोलायला दोन पालक, एक माओरींनी नेमलेला आणि एक सरकारनं. त्यांच्या मदतीला सल्लागार मंडळ. नदीच्या प्रकृतीसाठी तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा वेगळा निधी. म्हणजे नदीचा वकील कोण, त्याची फी कुठून येणार आणि तो सरकारच्या खिशात जाणार नाही याची काळजी कशी घ्यायची, हे सगळं आधी ठरलं आणि मग नदीला व्यक्ती म्हटलं गेलं. कोलंबियाच्या घटना न्यायालयानंही 2016 साली अत्रातो नदीला हक्क देताना पालकत्व एकट्या सरकारला न देता काठावरच्या समाजांना त्यात बसवलं.

भोपाळच्या ठरावात यांतलं काही नव्हतं. ‘नमामि देवि नर्मदे’ ही मोठी यात्रा 11 डिसेंबर 2016ला अमरकंटकहून निघालेली होती. तिची सांगता व्हायला बारा दिवस उरले असताना हा ठराव आला. त्याच मे महिन्यात मुख्यमंत्र्यांनी नर्मदेतल्या वाळूउपशावर बंदी जाहीर केली आणि 2 जुलैला नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात कोट्यवधी रोपं लावण्याचा कार्यक्रम झाला. उत्साहाला तोटा नव्हता. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्यात पालक नाही, निधी नाही, आणि ठराव मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा नाही. न्यायालयात फडकवता येईल असा हा कागद नाही.

280 मधून 280 वजा

नर्मदेच्या पाण्याचं कायदेशीर चरित्र या ठरावाच्या कितीतरी आधी लिहून झालं होतं. आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली 1969 साली नेमलेल्या लवादानं 1979 साली अंतिम निवाडा दिला. नर्मदेत वापरण्याजोगं पाणी 280 लाख एकर-फूट आहे असं धरून त्याची वाटणी झाली : मध्य प्रदेशला 182.5 लाख, गुजरातला 90 लाख, राजस्थानला 5 लाख आणि महाराष्ट्राला अडीच लाख. बेरीज करून पाहावी. बरोबर 280 भरते.

ज्या राजस्थानातून नर्मदा वाहतच नाही त्यालाही वाटा मिळाला. नदीला तिच्याच पाण्यातला वाटा या बेरजेत मांडलेला नाही. त्या काळच्या विचारपद्धतीत तो मांडायचा असतो हे कोणाच्या मनातही आलं नसावं. समुद्राला मिळणारं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी, ही आपल्या पाटबंधारे खात्यांची धारणा आजही पुरती गेलेली नाही. लवादापुढं चार राज्यं होती, त्यांचे नामांकित वकील होते. नदीचा वकील नव्हता. नदीला हक्क दिल्यानं नेमका फरक कुठं पडेल असं कोणी विचारलं, तर या बेरजेकडे बोट दाखवावं. नदी पक्षकार असती तर पाचवा आकडा मांडावा लागला असता आणि चौघांना तो खोडायचा तर कारणं द्यावी लागली असती.

माणसांचाही आकडा असाच चुकतो. जबलपूरच्या वरच्या अंगाला असलेलं बरगी हे नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरच्या मोठ्या धरणांतलं पहिलं. 1990 साली ते भरलं, तेव्हा सरकारच्या अंदाजात 101 गावं होती आणि पाण्याची झळ पोचली 162 गावांना. पुढं या विस्थापितांनी जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मागितला, सहकारी संघ उभा केला, काही वर्षं नेटानं चालवलाही. नदीचे हक्क हा शहरी सुशिक्षितांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बरगीचा इतिहास वाचावा. नदीशी ज्यांचं पोट बांधलेलं आहे तेच तिचे सर्वांत चोख पहारेकरी असतात, आणि पालक नेमायची वेळ येते तेव्हा त्यांचंच नाव यादीत नसतं.

ग्वारीघाट आणि परियट

मराठी वाचकाची नर्मदा बहुतेक वेळा परिक्रमेतली असते. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’नं ती घरात आणली, जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नं पुढच्या पिढीला चालायला लावलं. त्यामुळे जबलपूरला गेलेला मराठी माणूस संध्याकाळी ग्वारीघाटावर हमखास जातो. पानाच्या द्रोणात फुलं आणि दिवा घेऊन बसलेल्या बायका, पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा, रंगवलेल्या नावा, आरतीचा कर्णा, हजारो मुखांतून निघणारं ‘नर्मदे हर’. हात आपोआप जोडले जातात. मात्र घाटाच्या कडेनं थोडं चालावं. पाण्यात तरंगणारे दिवे जिथं जाऊन अडकतात तिथं कालचे द्रोण, परवाच्या माळा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि साबणाचा फेस एकत्र साचलेला दिसतो. ज्या भक्तीनं नर्मदेला आई ठरवलं तीच भक्ती तिच्या पाण्यात निर्माल्य सोडते आणि दोन्ही गोष्टी करताना तिचं मन स्वच्छ असतं. नदीला देवी मानणं हे नदीच्या रक्षणाचं साधन होऊ शकतं; आपोआप होत मात्र नाही.

जबलपूरच्या पाण्याची खरी कसोटी घाटावर नाही, परियटवर लागते. परियट हिरनला मिळते, हिरन नर्मदेला. परियटच्या जलाशयातून शहराला पिण्याचं पाणी येतं आणि तिच्या डोहांत मगरी आहेत. तिच्या आणि गौर नदीच्या काठानं म्हशींचे मोठमोठे गोठे उभे राहिले, आणि गोठ्यांतलं शेण, मूत आणि धुवण नद्यांत जाऊ लागलं. ‘नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंच’ या जबलपूरच्या संस्थेनं आणि तिचे डॉ. पी. जी. नाजपांडे यांनी हा प्रश्न उच्च न्यायालयापुढं आणि राष्ट्रीय हरित लवादापुढं नेला. या खटल्यांत देवी नाही, ठराव नाही, हजारोंची आरती नाही. आहे तो शेणाचा हिशेब : किती गोठे, किती जनावरं, शेण उचलायची व्यवस्था काय, परवानगी कोणाची, नोटीस कोणी काढायची. पण नर्मदा वाचणार असेल तर ती अशाच खटल्यांतून. कारण ओढे आणि उपनद्या वगळून उरते ती नदी नसते. परियटला कोणी आई म्हणत नाही, म्हणून तिच्यासाठी विधानसभेत ठराव होत नाही. पवित्र नद्यांपुरतेच हक्क मान्य करण्यातला धोका हाच आहे.

काठाचंही तसंच. नर्मदेपासून 300 मीटरच्या आत बांधकाम नको, हा प्रश्न जबलपूरच्या उच्च न्यायालयात गाजला. त्यातला कळीचा मुद्दा : हे 300 मीटर मोजायचे कुठून? उन्हाळ्यातल्या पाण्याच्या कडेपासून मोजले तर काठावरची बरीच बांधकामं वाचतात. सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेपासून मोजले तर अडचणीत येतात. फीत कुठून धरायची यावर नदीचं भवितव्य ठरतं.

महाराष्ट्रानं यावर हसण्याचं कारण नाही. नदीकाठावर कोणते उद्योग कुठवर येऊ द्यायचे हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण आपल्या राज्यानं 2000 साली आणलं, 2009 साली सुधारलं आणि 2015 साली गुंडाळून ठेवलं. निळ्या आणि लाल पूररेषेवरून आपल्या शहरांत चाललेल्या ओढाताणी कोल्हापूर-सांगलीकरांना नव्यानं सांगायला नकोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022च्या अहवालात देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे मोजले गेले; त्यांतले 55 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

जुनी हत्यारं

नवे हक्क मागताना हाती असलेल्या कायद्यांचा हिशेब विसरू नये. जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा 1974चा आहे. घटनेच्या 48-अ आणि 51-अ या कलमांतली पर्यावरणाची कर्तव्यं 1976 सालची. गंमत अशी, की तीही आणीबाणीतलीच. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे 1991 साली ठरलं. 1996च्या डिसेंबरात ‘कमलनाथ’ खटल्यात, बियास नदीचा प्रवाह एका मोटेलसाठी वळवल्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नद्या, जंगलं, किनारे यांचं सरकार मालक नसून जनतेच्या वतीनं विश्वस्त आहे. 2010च्या कायद्यानं हरित लवाद आला आणि त्याचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला बसतं.

यांतलं विश्वस्ताचं तत्त्व माझ्या मते सर्वांत कमी वापरलेलं हत्यार आहे. नदीला व्यक्ती न म्हणताही विश्वस्ताला हिशेब मागता येतो. पण त्याला मर्यादाही आहे. विश्वस्त असतो तो जनतेसाठी, आणि जनतेला धरण हवं, रेती हवी, नदीकाठचा रस्ता हवा असं बहुमतानं ठरलं, की नदीची बाजू मांडायला पुन्हा कोणी उरत नाही. म्हणून नदीला स्वतःचं पक्षकारत्व असावं या मागणीत मला तथ्य वाटतं. दुसरीकडे, 2024च्या दुरुस्तीनं जल कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन तिथं 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला आहे. पाणी राज्यांचा विषय असल्यानं ती दुरुस्ती राज्यांनी ठराव करून स्वीकारायची आहे. एका हातानं नदीला सजीव म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं तिला मारण्याची शिक्षा सौम्य करायची, असा हा काळ आहे. मोठ्या कारखान्याला 15 लाख हा दंड नसून एक खर्चाची बाब असते.

हा संग्रह कसा वाचावा

संग्रहातले कागद कालक्रमानं लावले आहेत, पण वाचायला त्याच क्रमानं घ्यायला हवेत असं नाही. वकील नसलेल्या वाचकानं आधी न्यूझीलंडचा कायदा आणि मध्य प्रदेशचा ठराव शेजारी ठेवून वाचावेत. फरक पहिल्या दोन पानांतच कळतो. मग उत्तराखंडचा निकाल घ्यावा. त्यातली देवतेची भाषा भुरळ पाडणारी आहे, तिच्या आहारी न जाता शेवटचे आदेश तेवढे बारकाईनं पाहावेत. लवादाच्या निवाड्यातले वाटणीचे तक्ते कंटाळवाणे वाटले तरी टाळू नयेत, कारण नदीचं काय झालं हे या संग्रहात सर्वांत स्पष्टपणे तेच सांगतात.

आणि वाचून झाल्यावर आपल्या गावच्या नदीकडे, तिचं नाव कोणत्याही स्तोत्रात नसलं तरी, वळावं. तिच्या पूररेषेचा नकाशा मंजूर आहे का, असल्यास तो कुठं पाहायला मिळतो. गावातून रोज किती सांडपाणी निघतं आणि त्यातलं किती शुद्ध होऊन नदीत जातं. काठावरच्या कोणत्या बांधकामाला कोणी परवानगी दिली. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जात हे प्रश्न बसतात. उत्तरं हाती आली की न्यायालयात जायला लागणारा अर्धा पुरावा तयार होतो. नदीचा पालक सरकार नेमेल तेव्हा नेमो. तोवर हे अर्ज ज्यांच्या सहीनं जातील, तिचं वकीलपत्र त्यांच्याकडे आहे असं समजायला हरकत नाही.